पहिलं ग्लो इंजिन: निवड, रन-इन आणि पावसाळ्यातली काळजी

नवशिक्याने आज इलेक्ट्रिक मोटरचं मॉडेल विमान घेतलं तर ते शहाणपणाचंच आहे. बॅटरी लावली, थ्रॉटल दिला की उडालं. तरीही मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या ग्लो इंजिनाची ओढ असणारे नवे लोक येतच राहतात. कुणी एनसीसीच्या एअर विंगमध्ये तारांवर गरगरणारं कंट्रोल लाइनचं विमान पाहिलेलं असतं, कुणाच्या घरात काकांचं किंवा मामांचं जुनं इंजिन कपाटात पडलेलं असतं. जळलेल्या एरंडेलाचा वास एकदा नाकात बसला की तो सहजी जात नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढची निवड आणि काळजी तिच्यावरच उभी आहे. ही इंजिनं चालून जेवढी झिजतात त्याहून कितीतरी जास्त नुसती पडून खराब होतात. नीट लावलेलं इंजिन अनेक वर्षं चालतं. तेच इंजिन एका संध्याकाळी आत इंधन तसंच ठेवून डब्यात टाकलं आणि वर मुंबई-कोकणातला पावसाळा गेला, तर आतली बेअरिंगं गंजलेली सापडतात. म्हणून इंजिन घेताना त्याची ताकद किती हे विचारायच्या आधी, उडवून झाल्यावर त्याला दहा मिनिटं द्यायची माझी तयारी आहे का, हे स्वतःला विचारा.

## १. आत काय चालतं ते समजून घ्या

ग्लो इंजिनात स्कूटरसारखा ठिणगी देणारा स्पार्क प्लग नसतो. डोक्यात एक छोटा ग्लो प्लग असतो आणि त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक कॉइल असते. सुरू करताना दीड व्होल्टच्या आसपासच्या सेलने ती लाल करायची. इंजिन चालू झालं की सेल काढून घ्यायचा. त्यानंतर प्रत्येक फेरीतल्या स्फोटाची उष्णता आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची होणारी रासायनिक क्रिया, या दोन्हींमुळे कॉइल तापलेलीच राहते. अशा प्लगांची विक्री अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केली. त्याआधी विमानात ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी असं सगळं ओझं वाहावं लागायचं.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. हे इंजिन पेट्रोलवर चालत नाही, त्याला मिथेनॉलच लागतं. आणि त्याला वेगळं ऑइल पंप किंवा ऑइलची टाकी नसते, इंधनात मिसळलेलं तेल हेच त्याचं वंगण. इंधन कमी पोचलं की तेलही कमी पोचतं, आणि इंजिन तापून आतले भाग खरवडले जातात.

## २. माप ठरवा

इंजिनांची मापं अजूनही घन इंचांत सांगतात. दुकानात '४६' म्हटलं की ते ०.४६ घन इंच, म्हणजे सुमारे ७.५ सीसी. याच हिशेबाने १५ म्हणजे २.५ सीसी, २५ म्हणजे ४.१ सीसी, ४० म्हणजे ६.५ सीसी आणि ६१ म्हणजे १० सीसी. कॉक्सची प्रसिद्ध ०४९ तर जेमतेम ०.८ सीसीची.

लहान म्हणजे सोपं, असं बहुतेकांना वाटतं आणि ते पहिलंच इंजिन ०४९ किंवा १० घेतात. प्रत्यक्षात उलट आहे. इंजिन जितकं छोटं तितकी नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू, नाजूक. ती थोडीशी इकडेतिकडे फिरली की इंजिन बंद. इंधनातला बारीक कचराही त्याला पुरतो. बहुतेक ०४९ इंजिनांना थ्रॉटलही नसतो, पूर्ण वेगाने सुटतात आणि इंधन संपलं की थांबतात. ०४९ सुंदर इंजिन आहे, पण ते दुसरं किंवा तिसरं असावं.

रेडिओ कंट्रोलच्या शिकाऊ विमानासाठी ४० ते ४६ मधलं टू-स्ट्रोक इंजिन घ्या. शिकाऊ विमानांचे नकाशे आणि किट वर्षानुवर्षं याच मापाभोवती बनले आहेत, सुटे भाग मिळतात आणि मैदानावर कुणाकडे तरी तेच इंजिन असल्याने मदतही मिळते. कंट्रोल लाइनवर शिकायचं असेल तर १५ ते २५ पुरे.

फोर-स्ट्रोकचा आवाज खऱ्या विमानासारखा भारदस्त असतो, जपानच्या साइतोची इंजिनं त्यासाठीच लोक घेतात. पण त्यात व्हॉल्व्ह आले, त्यांची फट जुळवणं आलं, किंमतही वाढली. पहिलं इंजिन फोर-स्ट्रोक नको. डिझेल म्हणून ओळखली जाणारी छोटी इंजिनंही सध्या बाजूला ठेवा. ती प्लगशिवाय दाबावर पेटतात, पण त्यांच्या इंधनात ईथर लागतं, आणि ईथर मिळवणं व सांभाळणं हे नवशिक्याचं काम नाही.

## ३. बेअरिंगं की बुश, हे बघून घ्या

दुकानदार सहसा हा मुद्दा काढत नाही, पण आपल्या हवेत तो महत्त्वाचा आहे. काही इंजिनांत क्रँकशाफ्ट, म्हणजे प्रॉपेलर फिरवणारा दांडा, दोन बॉल बेअरिंगांवर फिरतो, काहींत साध्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या नळीत. जपानच्या ओ.एस. कंपनीचीच उदाहरणं घ्यायची तर ४६ एएक्स बेअरिंगवालं आणि ४६ एलए बुशवालं. बेअरिंगवालं जास्त जोर देतं आणि हलकं फिरतं. पण गंजतात ती बेअरिंगंच. त्यांच्या पोलादी गोळ्यांवर ओलावा बसला की काही आठवड्यांत खड्डे पडतात, आणि मग इंजिन चालताना करकर आवाज करतं.

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा अशा दमट ठिकाणी राहत असाल आणि महिन्यातून एखाद्या रविवारीच उडवणार असाल, तर माझा कौल बुशवाल्या साध्या इंजिनाला आहे. त्याची ताकद शिकाऊ विमानाला पुरून उरते. नागपूर-छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या हवेत राहणाऱ्याने आणि नेमाने उडवणाऱ्याने बेअरिंगवालं खुशाल घ्यावं.

डब्यावर किंवा माहितीपत्रकात एबीसी, एबीएन अशी अक्षरं दिसतील. एबीसी म्हणजे अॅल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोमचा मुलामा दिलेली पितळी स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी. एबीएनमध्ये मुलामा निकेलचा. याखेरीज रिंग असलेल्या पिस्टनची इंजिनंही असतात. आपल्या इंजिनात यांपैकी काय आहे ते आत्ताच लिहून ठेवा, रन-इन करताना, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला बेताने चालवून बसवून घेताना, ते लागणार आहे.

## ४. जुनं इंजिन घेत असाल तर

जुनी इंजिनं स्वस्तात मिळतात आणि चांगलीही निघतात, पण हातात घेऊन तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रॉपेलर धरून हळू फिरवा. दाब जाणवायला हवा, आणि त्या दाबाविरुद्ध धरून ठेवलं तर तो लगेच सुटून जाता कामा नये. एबीसी-एबीएन इंजिन थंड असताना पिस्टन अगदी वर आला की अडकल्यासारखा वाटतो. हा दोष समजू नका. स्लीव्ह वरच्या बाजूला मुद्दाम किंचित निमुळती ठेवलेली असते, तापल्यावर ती पसरते आणि पिस्टन बरोबर बसतो. उलट असं इंजिन थंड असताना वर अजिबात अडत नसेल तर ते झिजलेलं आहे.

शाफ्ट पुढे-मागे आणि वर-खाली हलवून पाहा. फिरवताना वाळू अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंगं गेली. ती बदलता येतात, पण मग किंमत त्या हिशेबाने पाडून घ्या. प्लग काढून त्याच्या भोकातले आटे बघा. अॅल्युमिनियमच्या डोक्यातले आटे गेले असतील तर इंजिन परत द्या. विमान पडल्यामुळे तुटलेले बसवणीचे कान, चेपलेला कार्बोरेटर, पक्कड लावून खाल्लेली स्क्रूंची डोकी या सगळ्या नको म्हणण्याच्या खुणा आहेत. बाहेरून चढलेला तपकिरी थर मात्र बहुधा जळलेल्या एरंडेलाचा असतो, तो पाहून घाबरू नका.

## ५. आधी जमवायचं सामान

इंजिन आल्यावर अर्धवट सामानाने सुरू करायची घाई होते. ती टाळायला ही यादी पूर्ण करूनच पुढे जा:

- इंजिनाचं माहितीपत्रक. जुनं इंजिन असेल तर त्या मॉडेलचं पत्रक शोधून छापून घ्या.
- निदान तीन ग्लो प्लग, तांब्याच्या वॉशरसह. माहितीपत्रकात सांगितलेल्या जातीचेच.
- प्लग तापवायचा इग्नायटर आणि त्याचा चार्जर.
- प्लगचा पाना, प्रॉपेलर नटचा पाना, अॅलन कीचा संच.
- चिकन स्टिक, म्हणजे प्रॉपेलर फिरवायची रबर चढवलेली काठी. नाहीतर इलेक्ट्रिक स्टार्टर.
- दोन-तीन प्रॉपेलर आणि प्रॉपेलर बॅलन्सर.
- सिलिकॉनची इंधननळी, इंधनाचा फिल्टर, हातपंप.
- डोळ्यांवर चष्मा, जाड हातमोजा, कानांसाठी बोळे.
- ड्राय पावडरचा छोटा अग्निशामक.
- इंजिनात शेवटी सोडायचं तेल, त्याविषयी पुढे.
- जुन्या सुती चिंध्या, भरपूर.

प्रॉपेलरवर दोन आकडे असतात. १० × ६ म्हणजे व्यास १० इंच आणि पिच ६ इंच. एका फेऱ्यात तो तत्त्वतः ६ इंच पुढे सरकेल. ४६ ला साधारण १० × ६ ते ११ × ६, २५ ला ९ × ५ किंवा ९ × ६, १५ ला ८ × ४ लावतात. प्रत्येक नवा प्रॉपेलर बॅलन्सरवर ठेवून बघाच. जड पातं किंचित घासून हलकं करायचं. मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेणाऱ्या प्रॉपेलरचा जरासा असमतोलही बेअरिंगांना हादरे देतो आणि टाकीतल्या इंधनाला फेस आणतो. कडेला खाच पडलेला प्रॉपेलर चिकटवून वापरायचा विचारही करू नका, तोडून फेकून द्या, म्हणजे दुसराही कुणी लावणार नाही.

कागदांविषयी थोडं. ड्रोन नियम, २०२१ मध्ये छंद, शिक्षण किंवा संशोधनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेली २५ किलोपर्यंतची विमानं 'मॉडेल' म्हणून वेगळी धरली आहेत आणि त्यांना टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या बनावटीचं सरकारी प्रमाणपत्र, लागत नाही. पण आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे भाग पाळावेच लागतात. मैदान ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा बघा, आणि जमीनमालकाची किंवा संस्थेची परवानगी लेखी घ्या.

## ६. इंधन: इथे घाई नको

इंधनात तीन गोष्टी असतात: मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. तयार डब्यांत नायट्रो साधारण ५ ते १५ टक्के असतं. नायट्रोमुळे इंजिन सहज सुरू होतं आणि मंद वेगात स्थिर राहतं, पण शिकाऊ विमानाला ते जास्त लागत नाही. ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल या साध्या मिश्रणावरही इंजिनं उत्तम चालतात. जागतिक स्पर्धांच्या काही गटांत हेच ठरलेलं इंधन आहे. बुशच्या इंजिनाला तेलाचं प्रमाण २० टक्क्यांखाली आणू नका, आणि त्यात निदान काही भाग एरंडेल असू द्या. जास्त तापल्यावर कृत्रिम तेलाचा थर जिथे हात टेकतो तिथे एरंडेल टिकून राहतं. एरंडेलाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत, कारण जगात सर्वाधिक एरंडी भारतात पिकते.

एक चूक फार महाग पडते: मोटरसायकलचं टू-टी ऑइल मिथेनॉलमध्ये घालणं. खनिज तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. बाटली हलवली की क्षणभर मिसळल्यासारखं दिसतं, मग वेगळं होतं, आणि इंजिनात कोरडं मिथेनॉल जातं. एरंडेलही शुद्ध हवं, सुगंधी किंवा दुसरं तेल मिसळलेलं चालत नाही. मिश्रण तासभर ठेवून उजेडात धरा. स्वच्छ, पारदर्शक दिसलं तरच वापरा.

आता मिथेनॉलविषयी, आणि हे कृपया पूर्ण वाचा. ते विष आहे. पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो. त्वचेतूनही शरीरात जातं. विष कायद्याखालच्या राज्यांच्या नियमांमुळे ते सुटं कुठेही घेता येत नाही, घेऊही नये. शक्यतो तयार इंधनच क्लबच्या माध्यमातून किंवा नामांकित हॉबी दुकानातून, बिल घेऊन आणा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरू नका, घरातलं मूल किंवा पाहुणा चुकून उचलेल. जाड प्लॅस्टिकच्या डब्यावर मराठीत ठळक 'विष' लिहा आणि कुलपात ठेवा. नळी तोंडाने ओढून इंधन काढू नका. पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी त्रास व्हायची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

आणखी एक: मिथेनॉलची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. इंजिनाजवळ हवा थरथरताना दिसली किंवा काही काळवंडायला लागलं तर आग लागली आहे असं समजा.

डबा उघडा ठेवला की मिथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. पावसाळ्यात तर झाकण सैल राहिलेलं इंधन लवकर बाद होतं. म्हणून लहान डबे घ्या आणि उघडल्यावर त्या हंगामात संपवा. विमानप्रवासात हे इंधन सामानात नेता येत नाही, आणि इंधनाचा वास येणारं इंजिनही अडवतात, हे गावी घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

## ७. टाकी आणि बसवणी

'इंजिन खराब आहे' म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींत दोष बहुतेक वेळा टाकीतच निघतो.

टाकीची मध्यरेषा कार्बोरेटरच्या नीडलच्या पातळीवर किंवा तिच्या थोडी खाली हवी. टाकी वर बसली तर इंजिनात इंधन भरून राहतं, फार खाली बसली तर विमान नाक वर करताच इंजिन उपाशी पडतं. टाकीच्या आतल्या नळीच्या टोकाला क्लंक, म्हणजे एक जड तुकडा, असतो. टाकी उलटी-सुलटी केली तरी तो मोकळा फिरून तळाशी पोचला पाहिजे, पण मागच्या भिंतीला चिकटता कामा नये. सायलेन्सरवरून येणारी दुसरी नळी टाकीत दाब देते, ती सुटली तर उंचीवर गेल्यावर इंजिन बंद पडतं. टाकीभोवती फोम गुंडाळा, नाहीतर कंपनांनी इंधन फेसाळतं आणि नळीत बुडबुडे येतात.

सिलिकॉन नळी ग्लो इंधनासाठीच आहे, पेट्रोलमध्ये ती फुगते. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी हवा आत ओढली जाते. पहिल्या दिवशी बसवणीचे स्क्रू प्रत्येक टाकीनंतर तपासा.

## ८. रन-इन

पिस्टन आणि स्लीव्ह एकमेकांना बसवून घ्यायची ही प्रक्रिया. कशी करायची ते इंजिनाच्या जातीवर अवलंबून आहे, आणि इथेच जुन्या-नव्या सल्ल्यांची गल्लत होते.

रिंगवालं इंजिन आधी भरपूर इंधन देऊन, म्हणजे रिच ठेवून, धूर सोडत, थांबून थांबून चालवायचं आणि हळूहळू नीडल बंद करत न्यायचं. एबीसी किंवा एबीएन इंजिनाला मात्र असं तासन्‌तास थंड चालवणं घातक आहे. ते तापून योग्य आकाराला यायलाच बनवलंय. थंड असताना वरच्या निमुळत्या भागात पिस्टन घासत राहिला तर दाब कायमचा जातो. त्याला किंचित रिच पण चांगल्या वेगात एक-दोन मिनिटं चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा चालवा. अशा काही फेऱ्या झाल्या की विमानात बसवा आणि पहिल्या काही टाक्या जरा रिच ठेवून उडवा.

रन-इनसाठी नेहमीपेक्षा किंचित हलका भार देणारा प्रॉपेलर लावा. ४६ ला १० × ६ छान. इंजिन घट्ट स्टँडवर, मोकळ्या जागी, धूळ नसलेल्या जमिनीवर. सोसायटीच्या गॅलरीत किंवा बंद गॅरेजमध्ये कधीच नाही. आवाज तर आहेच, धुरातला कार्बन मोनॉक्साइडही जीवघेणा असतो.

## ९. सुरू करणं

टाकी भरा. नीडल पूर्ण बंद करून माहितीपत्रकात सांगितलेले फेरे उघडा, बहुतेक इंजिनांत ते दोन-अडीच असतात. इग्नायटर अजून लावू नका. थ्रॉटल उघडा, कार्बोरेटरच्या तोंडावर बोट ठेवा आणि प्रॉपेलर दोन-तीन वेळा फिरवा. नळीतून इंधन चढताना दिसेल. आता बोट काढून हाताने एक पूर्ण फेरा द्या. फिरताना मधेच दगडासारखा अडकला तर सिलेंडरमध्ये इंधन साठलंय. अशा वेळी स्टार्टर लावून रेटाल तर कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लग काढा, इंजिन उलटं करा, फिरवून इंधन बाहेर टाका.

सगळं मोकळं असेल तर थ्रॉटल पाव उघडा ठेवा, विमान कुणाला तरी मागून घट्ट धरायला सांगा आणि मगच इग्नायटर लावा. प्रॉपेलर समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. पातं एक-दोन वाजल्याच्या जागी दाबावर आणून चिकन स्टिकने झटका द्या. बोटाने नको, कधीच नको. इंजिनाने उलटा झटका दिला तर बोटाचं हाड दिसतं.

सुरू झालं की वळसा घालून मागे या आणि इग्नायटर मागूनच काढा. नीडलही मागूनच फिरवायची. फिरत्या प्रॉपेलरच्या रेषेत कुणी उभं राहू नये. पातं तुटलं तर त्याच पातळीत उडतं. सैल बाह्या, गळ्यातली आयडीची दोरी, ओढणी, हे सगळं आवरून मगच जवळ जा.

## १०. नीडल लावणं

पूर्ण थ्रॉटलवर नीडल हळूहळू बंद करत जा. आवाज चढत जाईल, एका टोकाला पोचेल. तिथे थांबू नका, तिथून नीडल परत उघडा, इतकी की फेरे ३०० ते ५०० ने उतरतील. उड्डाणात टाकी रिकामी होत जाते, नाक वर जातं आणि मिश्रण आपोआप लीन, म्हणजे कमी इंधनाचं, होतं; ही सवलत त्यासाठी आहे.

फेरे मोजायचा टॅकोमीटर नसेल तर इंधनाची नळी क्षणभर चिमटून सोडा. आवाज जरा चढून मग पडला तर नीडल बरोबर आहे. चिमटताच पडला तर इंजिन आधीच लीन आहे, लगेच उघडा. मग विमानाचं नाक आभाळाकडे करून दहा-पंधरा सेकंद धरा. इंजिन खोकत असेल तर अजून थोडी उघडा. मागे पांढुरक्या धुराची रेघ दिसत राहिली पाहिजे. मंद वेगाची जुळवणी याच्यानंतर करा, आधी नाही.

मैदानावर जोर दाखवायच्या मोहात नीडल टोकाला नेऊन ठेवणारे पुष्कळ दिसतात. तसं करू नका. आणि सकाळी गारव्यात लावलेली नीडल दुपारच्या उन्हात तशीच चालेल असं धरू नका. मुंबईत लावलेली पुण्याच्या उंचीवर तर हमखास पुन्हा लावावी लागते.

## ११. शेवटचं उड्डाण झाल्यावरची दहा मिनिटं

मिथेनॉल पाणी ओढतं, आणि नायट्रो जळल्यावर तयार झालेली आम्लंही आत राहतात. दोन्ही मिळून पोलाद खातात. म्हणून थ्रॉटल बंद करून इंजिन थांबवू नका. ते चालू असताना इंधनाची नळी काढा आणि आतलं सगळं जळू द्या. थांबल्यावर टाकी रिकामी करा, इग्नायटर लावून पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करा. एखादी फडफड होईल. काहीच होईनासं झालं की आत इंधन उरलं नाही.

आता कार्बोरेटरमध्ये आठ-दहा थेंब आणि प्लग काढून त्याच्या भोकात चार थेंब तेल सोडा. यासाठी खास आफ्टर-रन ऑइल मिळतं. ते नसेल तर गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ किंवा शिलाई मशीनचं तेलही चालतं. गंज सोडवायचे फवारे यासाठी वापरू नका, त्यांचा थर टिकत नाही. प्लग लावून, इग्नायटर न जोडता, प्रॉपेलर बरंच फिरवा म्हणजे तेल मागच्या बेअरिंगपर्यंत जाईल. प्लग बोटांनी आटे जुळवत बसवा आणि पान्याने बेताचाच आवळा.

एबीसी इंजिन ठेवताना पिस्टन खाली असेल अशा बेताने प्रॉपेलर सोडा, म्हणजे स्लीव्हवर ताण राहत नाही. बाहेरून चिंधीने पुसून घ्या. एरंडेल ताजं असताना सहज निघतं.

## १२. पावसाळा

जून ते सप्टेंबर बहुतेकांचं उडवणं थांबतं. विमान माळ्यावर जातं आणि इंजिन त्याच्या नाकावर तसंच राहतं. असं करू नका. इंजिन विमानावरून काढा, वर सांगितल्याप्रमाणे दुप्पट तेल द्या, कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं चिंधीने बंद करा, पुठ्ठ्याच्या खोक्याऐवजी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी एकदा काढून चार थेंब सोडून हाताने फिरवा. पुड्या दमट झाल्या तर बदला. डब्यावर शेवटचं तेल दिल्याची तारीख लिहून ठेवायची सवय फार उपयोगी पडते.

इंधननळ्या हंगामाच्या सुरुवातीला नव्या घाला. त्या स्वस्त आहेत.

## १३. अडलं तर

सुरूच होत नाही: आधी प्लग काढून इग्नायटरवर लावा. कॉइल नारिंगी लाल व्हायला हवी. वेडीवाकडी झालेली, खरखरीत किंवा पांढुरकी दिसणारी कॉइल लाल होत असली तरी प्लग बदला. प्लग ठीक असेल तर इग्नायटरचं चार्जिंग पाहा, मग इंधन कार्बोरेटरपर्यंत चढतंय का ते.

इग्नायटर काढताच बंद पडतं: प्लग म्हातारा झालाय, किंवा मिश्रण फार रिच आहे, किंवा नायट्रो नसलेल्या इंधनावर थंड जातीचा प्लग लावलाय.

उड्डाणात आवाज बारीक होत जाऊन बंद पडतं: लीन होतंय. नीडल, टाकीची उंची, क्लंक, नळीतलं भोक, सायलेन्सरची दाबनळी, याच क्रमाने बघा.

सायलेन्सरमधून काळं-करडं तेल येतंय: आत धातू झिजतोय. लगेच थांबवा आणि जाणत्या माणसाला दाखवा.

वर्षानुवर्षं पडलेलं इंजिन जाम झालंय: बहुधा एरंडेल सुकून गोंद झालेलं असतं. प्रॉपेलरला पक्कड लावू नका, हातोडी तर नाहीच. प्लग काढून आत थोडं तेल सोडा, हेअर ड्रायरने सगळं इंजिन चांगलं तापवा, मोज्याने प्रॉपेलर धरून हलकेच मागे-पुढे करा. हललं नाही तर पुन्हा तापवा. कधी संध्याकाळभर हेच करावं लागतं. सुटल्यावर लगेच सुरू करू नका; आधी मागचं झाकण उघडून आत गंज दिसतो का ते बघा. गंज असेल तर बेअरिंगं बदलल्याशिवाय ते इंजिन चालवायचं नाही, कारण सुटलेला कण पिस्टनपर्यंत गेला की स्लीव्हही जाते.